कोणी पाहिले होते?

२०१८ च्या जानेवारीत एका वैदिक संमेलनासाठी औरंगाबादला आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस झालेला आपल्या वाडवडिलांपैकी कोणी पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही की सांगितलेले नाही, तेव्हा शाळा-महाविद्यालयांतून हे शिकवणे बदलायला हवे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून पत्रक काढले, ज्येष्ठ मंत्र्यांनी समज दिली, समाजमाध्यमांवर चार दिवस थट्टा झाली आणि विषय मिटला. तो इतक्या स्वस्तात मिटायला नको होता. मंत्र्यांचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. जे कोणी पाहिले नाही ते घडले हे तुम्ही कशावरून म्हणता, हे कोर्टात विचारतात तसे विज्ञानालाही विचारायचेच असते. (सिंह हे त्याआधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते; प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतानाही गुन्हा शाबीत होतो हे त्यांना कोणी सांगायला नको.) थट्टा करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांपलीकडे देता आले असते? बहुतेकांची गाडी ‘शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून’ इथे येऊन थांबली असती. आणि ‘शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून’ व ‘वाडवडील म्हणाले नाहीत म्हणून’ या दोन उत्तरांची जातकुळी एकच आहे.

पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गळाली आणि नुसती आनुवंशिकता उरली. करोनाकाळात बोजा कमी करण्यासाठी केलेली काटछाट कायम झाली होती. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. त्या मानाने आपल्या राज्य मंडळाचे बरे: २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. पण पाठ्यपुस्तकातला धडा म्हटला की त्याची एक ठरलेली चाल असते. अवशेषांगे, जोडणारे दुवे, जीवाश्म, भ्रूणविज्ञान, प्रत्येकाला एक-दोन परिच्छेद आणि एक आकृती. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढा ही यादी पाठ केली की गुण मिळतात. निकाल काय लागला हे धडा सांगतो. खटला कसा चालला, उलटतपासणीत कोणता साक्षीदार फुटला, कोणता टिकला, हे सांगायला त्याच्यापाशी पानेच नसतात. ते काम लोकांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांचे आहे. म्हणूनच उत्क्रांतीवरची आणि निसर्गेतिहासावरची पुस्तके केवळ नवलाईसाठी वाचू नयेत असे मला वाटते. जिराफाची मान आणि मोराचा पिसारा दूरचित्रवाणीवर अधिक छान दिसतो. ही पुस्तके वाचायची ती न पाहिलेली गोष्ट माणसाला कळते कशी, हे पाहण्यासाठी. ज्या पुस्तकात ते दिसत नाही ते कितीही खपत असले तरी बाजूला ठेवावे.

याचा उत्तम नमुना गांडुळांवरच्या पुस्तकात सापडतो. डार्विनचे शेवटचे पुस्तक १८८१ मध्ये आले, त्याच्या मृत्यूच्या काही महिने आधी. विषय: गांडुळे माती कशी तयार करतात. १८४२ च्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या एका शेतात खडूच्या दगडाचे तुकडे पसरून ठेवले होते. मग वाट पाहिली. एक-दोन हंगाम नव्हे, २९ वर्षे. १८७१ च्या नोव्हेंबरात तिथे चर खणला तेव्हा पांढऱ्या खड्यांची ती रेघ जमिनीखाली ७ इंचांवर सापडली. खडे कोणी पुरले नव्हते. गांडुळे रोज रात्री खालची माती पोटातून वर आणून टाकत होती आणि खडे वर्षाला जवळपास पाव इंचाने खाली जात होते. घरात कुंड्यांतून गांडुळे पाळली होती. त्यांना ऐकू येते का हे बघायला मुलाने त्यांच्यापुढे ‘बॅसून’ नावाचे घोगरे वाद्य वाजवले; गांडुळे ढिम्म. कुंडी पियानोवर ठेवून एक सूर दाबला, तर ती झटकन बिळात गेली. म्हणजे आवाज नाही, कंप कळतो. पाने बिळात ओढताना ती टोक ओळखतात की कसेही ओढतात, यासाठी डार्विनने कागदाचे ३०३ लांबट त्रिकोण कापून बागेत टाकले आणि सकाळी मोजले. ६२ टक्के निमुळत्या टोकाने ओढलेले निघाले. सत्तरी ओलांडलेला जगप्रसिद्ध माणूस कागदाचे कपटे मोजत बसला आहे, हे चित्र कोणत्याही व्याख्येपेक्षा जास्त शिकवते.

पण या पुस्तकातली खरी गोम प्रस्तावनेत आहे. गांडुळांविषयीचे आपले मत डार्विनने तरुणपणीच मांडले होते, आणि १८६९ मध्ये एका टीकाकाराने ते उडवून लावले: एवढे दुबळे, एवढे लहान जीव, त्यांच्याकडून इतके अवाढव्य काम व्हायचे कसे? डार्विन म्हणतो की सतत घडणाऱ्या बारीकशा कारणाची बेरीज माणसाला करता येत नाही. याच अडचणीने आधी भूविज्ञानाची वाट अडवली आणि अलीकडे उत्क्रांतीची. औरंगाबादेतल्या प्रश्नाचे उत्तर इथे जवळपास एकशे चाळीस वर्षे आधी, तेही गांडुळाच्या निमित्ताने, देऊन झाले आहे. खडा खाली जाताना कोणी पाहिला? कोणीच नाही. तरी चर खणला की रेघ दिसते.

यावर कोणी म्हणेल की गांडुळे शेवटी मातीच हलवतात. प्राणी बदलताना कोणी पाहिला? पाहिला आहे, आणि मोजपट्टी लावून पाहिला आहे. पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्नी मेजर नावाचे एक उजाड, निर्मनुष्य बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून वर्षानुवर्षे तिथे जाऊन राहिले. बेटावरचे फिंच पक्षी पकडायचे, पायांत रंगीत कडी घालायची, चोच मोजायची, सोडून द्यायचे. १९७७ मध्ये पावसाने दगा दिला. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरली ती ट्रिब्युलसची काटेरी फळे. हे झाड आपल्याला परके नाही. माळावर पसरणारा, अनवाणी पायांत आणि सायकलच्या टायरमध्ये सारख्याच निष्ठेने घुसणारा आपला सराटा त्याचा सख्खा भाऊ. सराट्याचे वाळलेले फळ पाच फाकांत सुटते. प्रत्येक फाक लाकडासारखी टणक, अंगावर काटे, आणि दाणे आत दडलेले. फिंचला ती चोचीत धरून, पिळून फोडावी लागते. जमणार की नाही हे चोचीच्या अर्ध्याअधिक मिलिमीटरवर ठरत होते. त्या वर्षी मध्यम आकाराच्या भूचर फिंचपैकी सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. जे जगले त्यांच्या चोची आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जाड होत्या, आणि त्यांच्या पिलांच्याही जाडच निघाल्या. जोनाथन वायनर यांनी १९९४ मध्ये ‘द बीक ऑफ द फिंच’ या पुस्तकात हे सगळे सांगितले. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुस्तकाची ताकद अशी की लेखक तुम्हाला निष्कर्षाकडे पळवत नेत नाही. उन्हात बसून चोची मोजणाऱ्यांच्या शेजारी तो तुम्हालाही बसवतो. बदल इतका संथ असतो की तो होताना दिसणार नाही, असे खुद्द डार्विनला वाटले होते. त्या बाबतीत डार्विन चुकला, हेही इथेच कळते.

याच गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडच्या एका पक्क्या समजुतीला सुरुंग लावतो. १९८३ मध्ये एल निनोमुळे त्याच बेटावर धोधो पाऊस कोसळला, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि त्यानंतर लहान चोचीचे पक्षी सरस ठरू लागले. काल जे वरदान होते ते आज ओझे. मराठीत डार्विन म्हटले की ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण हटकून येते, आणि ती साफ चुकीची आहे. १९७७ मध्ये तगलेले पक्षी कोणाचे कान पिळून तगले नाहीत; त्यांची चोच त्या वर्षीच्या सराट्याला पुरली, इतकेच. ‘नैसर्गिक निवड’ या शब्दातही थोडी अडचण आहे. निवडणे म्हटले की सूप घेऊन खडे वेचणारी बाई डोळ्यांपुढे येते, म्हणजे कोणीतरी निवडणारे आले. इथे आहे ती नुसती चाळण, आणि तिची भोके दर वर्षी बदलतात. फिंचची दोन दुष्काळ-सुकाळांची कहाणी एकदा वाचली की ही दुरुस्ती मनात आपोआप होते. व्याख्या दहा वेळा घोकून होत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की लोकविज्ञानाची पुस्तकेच गैरसमज पसरवतात. हे खरे आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा भिंतीभिंतींवर आहे. वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंत एकामागे एक चालणाऱ्या आकृत्यांची ती रांग १९६५ मध्ये ‘अर्ली मॅन’ नावाच्या एका लोकप्रिय पुस्तकात आली. रुडॉल्फ झॅलिंगर यांनी घडी उलगडून पाहायच्या पानावर १५ आकृत्या काढल्या होत्या. त्यानंतर शर्टांपासून जाहिरातींपर्यंत ती कुठे पोहोचली नाही असे ठिकाण नाही. तिने जगाच्या डोक्यात शिडी बसवली: खाली माकड, वर आपण. वास्तविक चिंपांझी आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे; साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा आजा एक होता. चुलतभावाच्या पोटी आपण जन्मलो असे घरात कोणी म्हणत नाही, मग इथेच का म्हणावे? मंत्र्यांचा ‘माकडाचा माणूस’ त्याच रांगेतून आला होता. तेव्हा चूक त्या एका पुस्तकाच्या पदरात टाकावीच लागेल. पण ती दुरुस्त केली तीही पुस्तकांनीच, विशेषतः स्टीफन जे गूल्ड यांच्या निबंधांनी. शिवाय शिडीचा दोष नुसता चित्राचा नाही, आपल्या शब्दाचाही आहे. ‘उत्क्रांती’तला ‘उत्’ वर जाण्याचा आहे. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हा शब्द वापरलाच नव्हता. त्याचा आवडता शब्द ‘डिसेंट’, म्हणजे वंशातून खाली उतरत येणे. गंमत अशी की अवताराचाही अर्थ उतरणे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशी रांग दाखवून दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे असे मानणारे बरेच आहेत. त्यांच्याशी भांडायचे कारण नाही. पण ती पुन्हा एक रांगच आहे, झाड नाही. त्या कथेत वराह माणसाचा पूर्वज म्हणून येत नाही, आणि कोणता दगड सापडला तर ही कथा खोटी ठरेल असे तिला विचारताही येत नाही. तिचे काम वेगळे आहे, ते तिला करू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही पुस्तके शिळी होतात. वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचून चुकीचेच शिकायचे असेल तर वाचावे कशाला? उत्तरासाठी गूल्ड यांचेच ‘वंडरफुल लाइफ’ (१९८९) घेऊ. कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकांत १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे ठसे सापडले. वॉलकॉट यांनी त्यांना ओळखीच्या प्राण्यांच्या खणांत बसवून टाकले. सत्तरच्या दशकात केंब्रिजच्या संशोधकांनी ते पुन्हा उघडले, तेव्हा एकेक प्राणी असा निघाला की कोणत्याच खणात बसेना. त्यांतला एक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. सायमन कॉनवे मॉरिस यांनी १९७७ मध्ये त्याला नाव दिले हॅल्युसिजेनिया, म्हणजे भास व्हावा असा प्राणी. सात जोड्या ताठ काट्यांवर तो काठ्यांवर चालावे तसा चालतो आणि पाठीवर मऊ नळ्यांची ओळ, असे त्याचे चित्र निघाले. गूल्ड यांच्या पुस्तकात तो असाच उभा आहे. पुस्तक येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच लार्स रॅमस्क्योल्ड आणि हौ शियानगुआंग यांनी दाखवून दिले की प्राणी उलटा धरला होता. काटे पाठीवरचे, संरक्षणासाठी. नळ्या म्हणजे पाय. चीनमधल्या चेंगजियांगच्या खडकांत त्याचे काटेरी नातेवाईक सापडल्यामुळे हे कळले. तेवढ्याने भागले नाही. २०१५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे डोळे आणि दात सापडले, ते दुसऱ्याच टोकाला. ज्या फुगीर टोकाला डोके समजत होते तो मेल्यावर अंगातून बाहेर आलेल्या द्रवाचा डाग होता. बिचारा आधी पालथा होता, मग कळले की पुढचा मागेही होता.

मग गूल्ड यांचे पुस्तक रद्दीत घालायचे? माझे मत उलटे आहे. ज्याला हॅल्युसिजेनियाचे जुने चित्र ठाऊक नाही त्याला नव्या चित्राचे मोलही कळत नाही. काटे वर की खाली हे कशावरून ठरवले, पायांची दुसरी ओळ दगडात दबलेली होती ती कशी शोधली, या तपशिलात विज्ञान आहे. ‘काटे पाठीवर असतात’ या वाक्यात नाही. शिवाय गूल्ड यांनी आपला तर्क इतका उघडा ठेवला आहे की कुठला दगड काढला तर किती इमारत ढासळेल हे वाचकालाच दिसते. जीवनाची फीत पुन्हा पहिल्यापासून लावली तर माणूस पुन्हा येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच्याशी सर्वांत कडाडून भांडले ते कॉनवे मॉरिस, ज्यांच्या संशोधनाने त्या पुस्तकातले नायकपद भूषवले होते! १९९८ मध्ये त्यांनी स्वतःचे पुस्तक लिहून सांगितले की वेगवेगळ्या वाटांनी निघालेले जीव पुन्हा पुन्हा त्याच उपायांवर येतात, तेव्हा योगायोगाला इतके महत्त्व देऊ नका. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. एकच वाचणारा भक्त होतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: दोघांचे भांडण उत्क्रांती झाली की नाही यावर नाही, ती कोणत्या वाटेने झाली यावर आहे. हे दुसरे भांडण दाखवून पहिल्याचा निकाल लावणारे वक्ते आपल्याकडे कमी नाहीत.

तिसरा आक्षेप असा की चांगले लिहिणारा लेखक वाचकाला सहज फसवू शकतो. हेही खरे. १८४८ मध्ये मँचेस्टरजवळ एका ठिपकेदार पतंगाची काळी जात पहिल्यांदा पकडली गेली. शतक संपता संपता तिथले जवळपास सगळेच पतंग काळे होते. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या झाडांवर पांढरे पतंग पक्ष्यांना दिसतात आणि काळे वाचतात, हे बर्नार्ड केटलवेल यांनी १९५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले, आणि ती जोडी, एक काळा एक पांढरा, पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. पुढे त्या प्रयोगांतल्या त्रुटी निघाल्या, छायाचित्रांसाठी मेलेले पतंग चिकटवल्याचे बाहेर आले, आणि २००२ मध्ये ज्युडिथ हूपर यांच्या ‘ऑफ मॉथ्स अँड मेन’ या पुस्तकाने केटलवेल यांच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवले. पुस्तक रहस्यकथेसारखे वाचनीय आहे आणि माणसांच्या हेव्यादाव्यांनी भरलेले आहे. पण पतंग कोण खातो या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या स्वभावात कसे मिळेल? ते मिळवायला केंब्रिजचे मायकेल मजेरस कामाला लागले. सहा-सात वर्षे त्यांनी ४८६४ पतंग स्वतःच्या बागेत सोडले, ते दिवसा नेमके कुठे बसतात ते पाहिले, आणि पहाटे खिडकीतून दुर्बीण लावून पक्षी कोणता पतंग उचलतात हे टिपले. हवा आता स्वच्छ झाली होती, म्हणून या वेळी काळे पतंग जास्त खाल्ले गेले. म्हणजे केटलवेल यांच्या प्रयोगात खोट असली तरी निष्कर्ष उभा राहिला. मजेरस २००९ मध्ये वारले. त्यांचे आकडे सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हा फसगतीवरचा उपाय वाचणे सोडणे हा नाही. पुस्तक हातात घेतल्यावर लेखक मोजतो आहे की नुसता हेतूंविषयी बोलतो आहे, आणि आपण कुठे चुकू शकतो हे तो कबूल करतो का, एवढे पाहिले तरी बरेचसे गाळले जाते. या कसोटीला ‘सेपियन्स’सारखे घरोघरी पोहोचलेले पुस्तकही पुरते उतरत नाही. त्यातले प्रश्न मोठे आहेत, मांडणी झोकदार आहे. पण हजारो वर्षे एका परिच्छेदात ओलांडताना हे कशावरून, असे विचारायला वाचकाला उसंतच मिळत नाही.

लोकांसाठी लिहिलेले म्हणजे दुय्यम, असा एक छुपा भावही या आक्षेपांमागे असतो. त्याला तर ‘ओरिजिन’चाच दाखला पुरे. नोव्हेंबर १८५९ मध्ये निघालेल्या १२५० प्रती सुशिक्षित सामान्य वाचकासाठी होत्या, आणि पुस्तक सुरू होते ते कबुतरांनी. डार्विन स्वतः कबुतरे पाळत होता, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत जाऊन बसत होता. हस्तलिखित वाचलेल्या एका संपादकाने तर सुचवले होते की बाकीचे राहू द्या, नुसत्या कबुतरांवरच लिहा, लोकांना आवडेल. मान्य नसलेल्या वाचकाला ओळखीच्या खुराड्यापासून अनोळखी काळापर्यंत हात धरून न्यायचे, आणि मध्येच थांबून स्वतःच्या सिद्धांतातल्या अडचणींवर एक अख्खे प्रकरण लिहायचे, हे धाडस नंतरच्या किती संशोधन-निबंधांत दिसते?

मराठीची स्थिती चमत्कारिक आहे. निसर्गाकडे पाहण्यात आपले गद्य कोणाला हार जाणार नाही. दुर्गाबाईंचे ‘ऋतुचक्र’, माडगूळकरांचे ‘नागझिरा’, चितमपल्लींच्या ‘रानवाटा’ वाचलेल्या माणसाला झाड आणि पाखरू कसे पाहावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. आपली भाषासुद्धा बारकाईने पाहते. गांडुळासारख्या दिसणाऱ्या त्या बिनपायाच्या, ओल्या मातीतल्या जीवाला कोकणात कोणी तरी ‘देवगांडूळ’ म्हणून वेगळे काढलेच. पण तो दिसायला गांडूळ आणि नात्याने बेडकांच्या कुळातला, हे नुसते पाहून कळत नाही. आपल्या निसर्गलेखनात ‘काय’ आणि ‘कसे दिसते’ भरपूर आहे. ‘असे का’ आणि ‘हे कशावरून’ फार थोडे. नंदा खरे यांच्या ‘कहाणी मानवप्राण्याची’सारखे पुस्तक म्हणून मोलाचे: व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेल्या या लेखकाला कोणता दगड कोणत्या दगडावर टेकला आहे हे दाखवल्याशिवाय राहवत नाही. अशी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी आहेत आणि गालापागोसशिवाय उदाहरणच मिळत नाही अशी आपली सबब आहे.

उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाच्या शिवारात पडलेले आहे. तिथे डायनोसॉरांच्या काळातली, दगड झालेली विष्ठा सापडते. इंग्रजी अमदानीपासून हे ठाऊक होते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांच्या आत काय आहे ते पाहिले. गवताच्या पात्याने बोट कापते ते पात्यातल्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांमुळे, आणि गवताच्या प्रत्येक कुळात त्या कणांचा आकार वेगळा असतो. गवत कुजून जाते, कण राहतात. पिसदुऱ्याच्या गोळ्यांत गवताच्या निदान पाच प्रकारांचे कण मिळाले आणि २००५ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोवर बहुतेकांची समजूत होती की डायनोसॉर गेल्यानंतरच गवत बहरले. त्यांच्या चित्रांत पायाखाली गवत काढले तर ती चित्रकाराची चूक मानली जाई. २०११ मध्ये आणखी बारकाईने पाहिल्यावर त्या कणांत भाताच्या कुळाचीही ओळख पटली. डायनोसॉरला गवत खाताना कोणी पाहिले नव्हते. त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे, मूल-सिंदेवाहीच्या बांध्यांत, पाऊस पडला की दरवर्षी भाताची रोवणी होते.